सतरा नंबरचा ठसा

काकांनी तंबाखू सोडली, पाइप मात्र सोडला नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून धूर बंद करायला सांगितलं, तेव्हा काकांनी उरलेली तंबाखू भिजवून तिचं पाणी गुलाबांवर फवारलं आणि संध्याकाळी रिकामा पाइप तोंडात धरून नेहमीसारखे फिरायला गेले. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला गेले तेव्हा या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. गुलाब छान होते. काकाही ठणठणीत होते.

ते माझे कोणी सख्खे काका नव्हेत. माझी कंपनी सेक्टर फाइव्हला. कोलकात्यात नवीन आलेली मी, रोज नवी घरं बघून वैतागले होते, तेव्हा ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की सॉल्ट लेकमध्ये एक मराठी म्हातारबुवा वरचा मजला भाड्याने देतात, पण माणूस जरा सर्किट आहे. म्हटलं, असू दे. सर्किट असला तरी मराठीत असेल.

दारातच त्यांनी विचारलं, "काम काय करतेस?"

"सॉफ्टवेअर टेस्टर आहे."

"म्हणजे नेमकं काय?"

"दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून काढते."

काकांनी तोंडातला पाइप हातात घेतला. चेहरा असा खुलला की जणू माहेरचं माणूस भेटलं. "मग इन्स्पेक्शन म्हण ना सरळ! मी चौतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो कारखान्यात. वरची खोली तुझी."

आता खरी अडचण सांगणं भाग होतं. मला घरात एक वर्कबेंच लागतो, कानशी लागतात, भुसा उडतो, कारण मी सुट्टीच्या दिवशी हाताने पाइप बनवते. हो, ओढायचेच पाइप. मी स्वतः जन्मात कधी ओढलेला नाही. कॉलेजात असताना एका व्हिडिओत एका माणसाला लाकडाच्या ठोकळ्यातून पाइप कोरताना पाहिलं आणि माझं डोकं फिरलं, याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही. माझी आई नाशिकमध्ये लोकांना 'ती लाकडाचं काहीतरी शोभेचं करते' एवढंच सांगते.

काका आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "ओगो, शुनछो? चहा टाक. मोठा टाक."

काकी बंगाली. सासूकडून शिकलेलं मराठी त्या बेधडक बोलत. पाइप कधी 'तो' असे, कधी 'ती', आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांनी माझा पहिला पाइप हातात घेऊन म्हटलं, "आई गं! किती चमकते! मला तर आवडली बाबा."

काकांनी तो घेतला, खिडकीपाशी नेला, आणि तिथेच माझं शिक्षण सुरू झालं.

"हे व्हार्निश कोणी सांगितलं मारायला?"

"चमक येते ना, काका."

"चमक येते! अगं, पाइप तापतो. लाकडाला घाम येतो. तो बाहेर कुठून जाणार? तू तर त्याला रेनकोट घालून ठेवलास. खरवड सगळं. नुसतं मेण लाव आणि कापडाने हात दुखेपर्यंत घास."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पुठ्ठ्याचं लेबल काढलं, दोऱ्याने पाइपच्या मानेला बांधलं आणि लाल पेन्सिलीने लिहायला बसले. एक, दोन, तीन करत लेबलाची पाठसुद्धा भरली. वाटी डावीकडे फुगलेली, अर्धा मिलिमीटर. मान वाटीला चिकटते तिथे कानशीची खूण, उजवीकडे. नळीच्या सांध्यात नख अडकतं, वरच्या बाजूला. सगळ्यात खाली एकच शब्द: परत.

मी रडकुंडीला आले होते. म्हटलं, "म्हणजे वाईट आहे असंच ना?"

"वाईट म्हणजे काय?" काका खरंच चक्रावून बोलले. "वाईट हे मी लेबलावर कुठे लिहू? जागा सांग, माप सांग, मग तोंड उघड."

हे वाक्य पुढे चार वर्षं मी उठता-बसता ऐकलं. मॅनेजर फार त्रास देतो म्हणून कुरकुरले, की काका म्हणणार, "जागा सांग." काकींनी आमटीला मीठ कमी आहे का विचारलं, की काका माप सांगणार. आई नाशिकहून लग्नासाठी मुलांचे फोटो पाठवायची. काकी ते मोठ्या उत्साहाने काकांपुढे धरत आणि काका मान फिरवत. "फोटोवरून इन्स्पेक्शन होत नसतं. माल समोर आणा." माल काही समोर आला नाही, आणि आतल्या आत मला हायसं वाटलं.

दर रविवारी सकाळी, काका बाजारातून मासे घेऊन आले की आमची तपासणी बसे. टेबलावर धुतलेला नॅपकिन, त्यावर माझा पाइप. आधी तो नुसता ठेवून बघायचे, कलंडतो की बसतो. मग उजेडापुढे उलटा धरून त्याची बाह्यरेषा बघायची. उलटा का, तर सरळ धरला की डोळा ओळखीच्या आकाराला भुलतो, असं त्यांचं म्हणणं. मग नळीच्या तोंडातून केसाळ तार आत सारायची. ती वाटीच्या अगदी तळाशी बाहेर आली पाहिजे. जराशी वर आली तरी, "तळाची तंबाखू ओलीच राहणार, पुढचा!" मग सांध्यावरून नख फिरवायचं. मग डोळे मिटून वाटी नाकपुडीच्या बाजूला घासायची, तिथली कातडी म्हणे बोटांपेक्षा खरं बोलते.

शेवटची परीक्षा वजनाची. पाइप दातांत धरून काका खोलीभर फेऱ्या मारत अडीचकी म्हणत. एक अडीच अडीच, दोन अडीच पाच. दहा अडीच पंचवीस होण्याआधी पाइपने मान टाकली तर वाटी जड, किंवा नळी लांब. माझा एक पाइप सहा अडीच पंधराला पडला तो थेट काकींच्या चहात. काकी म्हणाल्या, "पास झाला का?"

ही खोड फक्त पाइपपुरती असती तर सर्किट कशाला म्हटलं असतं? मिठाईच्या दुकानात ते संदेश उचलून त्याच्या कडा बघत आणि दुकानदाराला सांगत की साच्याची नक्षी झिजली, बदला. दुर्गापूजेच्या दिवसांत सगळं शहर देवीच्या चेहऱ्याकडे बघत असतं, आणि आमचे काका मांडवाच्या मागे जाऊन बांबूंच्या गाठी बघत. पहिल्या वर्षी मला लाज वाटली. पण मग कळलं की शेजारच्या क्लबची पोरं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी स्वतःच बोलवायला येतात. "दादू, एकबार देखे जान ना!" काका ओळंबा घेऊन जात. मांडव दोन बोटं कलला असेल तर सांगत, आणि पोरं मुकाट्याने सरळ करत. त्याबद्दल काकांना भोगाच्या खिचडीचा पहिला द्रोण मिळे. तो ते तपासत नसत.

एकदा ते मला एस्प्लनेडच्या गर्दीतून एका जुन्या दुकानात घेऊन गेले. परदेशी पाइप काचेच्या कपाटात मांडलेले. दुकानदाराने काकांना बघताच कपाळाला हात लावला आणि स्टूल पुढे सरकवलं. "आइए दादा. हर साल आते हैं, लेते कुछ नहीं, और मेरा माल खराब बता के जाते हैं."

"खराब नहीं बोलता हूँ," काका स्टुलावर बसत म्हणाले. "जगह बताता हूँ."

दुकानदाराने हौसेने सगळ्यात भारी पाइप दिला. काकांनी तो नाकाला घासला, अंगठ्याचं नख हळूहळू वाटीखालून फिरवलं आणि थांबले. "यहाँ." मला बोट लावायला लावलं. मला काहीच लागेना. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा कळलं, राईच्या दाण्याएवढा एक ठिपका बाकीच्या लाकडापेक्षा गुळगुळीत होता. खड्डा होता तो, लुकण भरून वरून रंग दिलेला.

घरी परतताना बसमध्ये काका गंभीर झाले. "हे लाकूड म्हणजे मुळाशी धरलेली गाठ. दगडाचे कण पोटात घेऊनच ती वाढते. कोरताना खड्डा निघणारच. खड्डा हा दोष नव्हे, तो लाकडाचा जन्म आहे. उघडा ठेव, मी काही म्हणणार नाही. लपवलेला खड्डा मात्र खोटं बोलणं आहे." मग थोड्या वेळाने, "म्हणून बनवणाऱ्याने आपला माल आपण तपासायचा नाही. कारखान्यात पहिला नियम हाच. माणूस आपल्या मालाला नाही म्हणूच शकत नाही."

आमच्याही धंद्यात हाच नियम आहे. मी हसून मान डोलावली.

आता त्या ठशाबद्दल सांगायला हवं, कारण माझा जीव त्यातच अडकला होता. कारखान्यात प्रत्येक इन्स्पेक्टरला आपापल्या नंबरचा एक पोलादी ठसा असे. तपासलेल्या वस्तूवर तो ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. नंबर उमटला तरच वस्तू फाटकाबाहेर. काकांचा नंबर सतरा. ते निवृत्त झाले तेव्हा तो नंबर कायमचा बंद करून ठसा त्यांना समारंभाने भेट दिला गेला. होमिओपॅथीच्या औषधाच्या डबीत, कापसात गुंडाळून तो देवघरात असे. निवृत्तीनंतर सतरा नंबर घरातल्या एकाच वस्तूवर उमटला होता, काकींच्या लाटण्यावर. तेही आधीची तीन लाटणी परत गेल्यावर.

"लाटण्यावर मारला," काकी म्हणायच्या, "पण पन्नास वर्षं झाला, माझ्यावर अजून नाही मारला!"

"तुझी तपासणी चालू आहे," काका म्हणत.

मला माझ्या एका पाइपवर तो सतरा हवा होता. बास. दुसरं काही नको होतं. माझे पाइप इंटरनेटवरून विकले जात, लोक गोड गोड लिहीत, दोन-तीन परदेशी मंडळींनी फोटोसुद्धा पाठवले. पण ते सगळं वाचताना मला ते लाल पेन्सिलीचं लेबल दिसायचं. दोष एकोणीसवरून अकरावर आले, अकरावरून चारावर. मागच्या पूजेनंतर एकदा दोनच निघाले आणि काका नुसतं "हूं" म्हणाले. मी त्या 'हूं'वर आठवडाभर तरंगत होते.

आणि तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला. प्रोजेक्ट संपला, मला पुण्याच्या ऑफिसला हजर व्हायचंय. हातात दोन महिने. काकींनी डोळ्याला पदर लावला. काका म्हणाले, "दोन महिने म्हणजे आठ रविवार."

माझ्याकडे एक ठोकळा जपून ठेवलेला होता. उभ्या, सरळ, एकसारख्या रेषांचा. मी सात रविवार काकांना काही दाखवलं नाही. ऑफिसातून आल्यावर रोज तास-दीड तास बसायचे. वाटी, मान, नळी, एकेक गोष्ट काकांच्या डोळ्यांनी बघत. आकार असा उतरला की मलाच खरं वाटेना. आणि मग शेवटच्या घासणीत, मानेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, तो निघाला. खसखशीएवढा खड्डा.

अजून घासावं तर मान बारीक होऊन आकार बिघडणार. उघडा ठेवावा, तर काका काही म्हणणार नव्हते, हे मला पाठ होतं. पण इतक्या देखण्या अंगावर तो डाग मला बघवेना. काकांच्या समाधानासाठी नाही हो, माझ्याच हौसेपायी मी तो भरला. त्याच लाकडाचा भुसा आणि गोंद. तीन दिवस लावले त्या खसखशीला. कप्पाळ माझं!

शेवटचा रविवार आला. वर माझी खोकी बांधून तयार, खाली टेबलावर नॅपकिन. पाइप ठेवला, बसला. उजेडात उलटा धरला, काका कितीतरी वेळ बघत राहिले. तार तळाशी आली. नख सांध्यावरून विनाअडथळा फिरलं. नाकाला घासून झालं. मग अडीचकी. दहा अडीच पंचवीस झाले, आणि काका थांबेनात! अकरा अडीच साडेसत्तावीस, बारा अडीच तीस करत ते व्हरांड्यात जाऊन आले.

लेबल कोरं होतं. लाल पेन्सिल त्यांनी टेबलावर ठेवून दिली.

"ओगो," काकांनी हाक मारली, "डिबेटा आनो तो."

काकी डबी घेऊन आल्या त्या दुसऱ्या हातात शंख घेऊनच. सतरा उमटला की वाजवायचा म्हणून दारात उभ्या राहिल्या. काकांनी कापूस उलगडला. पाइप नॅपकिनवर उलटा ठेवला. ठसा मानेच्या खालच्या अंगाला टेकवला. त्या खसखशीपासून अर्ध्या बोटावर.

खरं सांगते, मी गप्प बसणार होते. कोणाचं काय बिघडणार होतं? एक म्हातारा माणूस खूश, मी खूश, काकींचा शंख तयार. पण काकांनी हातोडी उचलण्याआधी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ठसा नीट सरळ बसलाय ना म्हणून वाकून बघितलं. त्यांची नजर त्या खड्ड्यावरून सरळ निघून गेली. त्या भारी पाइपातला दाणा अंगठ्याने शोधणारा हा माणूस.

"काका, थांबा."

काकांनी उचललेली हातोडी वरच राहिली.

"मानेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, डावीकडे. खसखशीएवढा. मी भरलाय."

काकींनी शंख खाली घेतला. काकांनी भिंग आणलं. बघितलं. नख फिरवलं, एकदा, दोनदा, चारदा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठे?"

मी त्यांचं बोट धरून तिथे ठेवलं. ते डोळे मिटून बोट फिरवत राहिले.

"लागत नाही गं," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. चार वर्षांत त्या घरात मी कधी रडले नव्हते, तेव्हा भडाभडा रडले. काका मात्र पाइप फिरवून फिरवून बघत होते.

"कशाने भरलास?"

"भुसा आणि गोंद."

"रंग?"

"तीन हात. पातळ करून."

"काम सुरेख आहे," काका म्हणाले.

चार वर्षांतली पहिली शाबासकी, आणि तीही लबाडीला! मी रडता रडता हसले. काकाही हसले, आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने. "अरेच्चा! सतरा नंबर फसला! अगं ऐकलंस का, सतरा नंबर फसला!" काकींना कळेना हसावं की रागवावं.

मग त्यांनी लाल पेन्सिल उचलली. लेबलावर एकच ओळ लिहिली, जागा आणि माप, मी सांगितलं तसं. खाली लिहिलं, परत. ते लेबल पाइपला बांधलं. आणि ठसा कापसात गुंडाळून, डबीत घालून, डबी माझ्यापुढे सरकवली.

"घे. उद्या जाताना हा घेऊन जा."

"मी? अहो काका, बनवणाऱ्याने तपासायचं नाही, तुमचाच नियम."

"नियम का आहे? माणूस आपल्या मालाला नाही म्हणत नाही म्हणून. तू म्हणालीस. ठसा टेकलेला असताना म्हणालीस. चौतीस वर्षांत मला असा माणूस फाटकाच्या आत दिसला नाही. आता तुला कुठला नियम लावू?" मग बोट पुढे करून, "आणि माझं बोट आता खोटं बोलायला लागलंय. या हातात तो शोभत नाही."

मी वाकून नमस्कार केला. तेवढ्यात काकींनी शंख फुंकला. आम्ही दोघंही दचकलो.

"काय गं?" काका म्हणाले. "पाइप परत गेलाय."

"मला काय माहीत!" काकी म्हणाल्या. "धरून धरून हात दुखली माझी."

परत गेलेला माल कारखान्याबाहेर जात नसतो, म्हणून तो पाइप काकांनी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी माझी टॅक्सी निघाली तेव्हा ते फाटकात उभे होते, तोच पाइप दातांत धरून. लेबल सोडलं नव्हतं. हनुवटीखाली ते वाऱ्यावर गिरक्या घेत होतं.

आता मी पुण्यात. काकांनी मोतीबिंदू काढून घेतला, चार महिने सगळ्यांच्या भिंतींना पडलेल्या भेगा मोजल्या आणि शेजाऱ्यांना हैराण केलं. म्हटलं, ठसा परत पाठवू का? म्हणाले, डोळ्याची काच बदलली, बोट जुनंच आहे. डबी माझ्या वर्कबेंचच्या वरच्या फळीवर असते. पाइप चालूच आहेत. पूर्वी मला वाटायचं, एक ठोका द्यायचा तर काका एवढे चिकट का? आता ठसा माझ्याच हातात आहे. दरवेळी डबी उघडते, ठसा टेकवते, आणि कुठेतरी काहीतरी दिसतंच.

रविवारी मासे घेऊन आले की त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"पडला का सतरा?"

"नाही, काका."

"जागा?"

मी जागा सांगते. माप सांगते. पलीकडे पाइप तोंडातून काढल्याचा आवाज येतो.

"शाब्बास," काका म्हणतात.